श्वासाची साक्ष

त्या देशाचं नाव मी सांगणार नाही. नाव घेतलं की ऐकणारा लगेच कुणाची तरी बाजू घेऊन भांडायला उठतो आणि गोष्ट राहते तिथेच. तिथे युद्धाचा पाचवा हिवाळा चालू होता, पारा उणे एकोणीसवर होता, आणि आटपाडी तालुक्यातला संपत खिलारे नावाचा बावन्न वर्षांचा गडी तोंडाने वाफा सोडत दहाचाकी ट्रकच्या चाकांना, बर्फात घसरू नयेत म्हणून, साखळ्या आवळत होता, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आटपाडीचा माणूस तिथे कशाला कडमडला, असं विचाराल तर सांगतो. ट्रक आता आपले आपण चालतात. ड्रायव्हर नावाची जात घरी बसली, त्यात संपतही बसला. पण आपलं आपण चालणाऱ्या ट्रकला वाट कळते ती उपग्रहाच्या इशाऱ्यावरून, आणि युद्धात दोन्ही बाजू सगळ्यात आधी काय करत असतील तर तो इशारा बुजवून टाकतात. मग ते शहाणे ट्रक जागच्या जागी आंधळे होतात. तेव्हा कुठे मदत पोचवणाऱ्या संस्थेला घाटात जन्म काढलेल्या माणसांची आठवण झाली. पगार नाही, तिकीट आणि दोन वेळचं जेवण. संपतची आई, एक्क्याऐंशीची म्हातारी, म्हणाली होती, "जा बाबा. घरात बसून सुनंवर खेकसण्यापरास चार लोकांच्या उपेगी पड."

ओर्लिचच्या गोदामापासून द्रोवना नव्वद किलोमीटर, मधे कामेनचा घाट. द्रोवना हे शहर वेढ्यात अडकलेलं. तिथल्या इस्पितळात किडन्या निकामी झालेले एक्केचाळीस जण होते आणि त्यांच्या डायलिसिसचं द्रावण आज संध्याकाळी संपणार होतं. ते द्रावण संपतच्या गाडीत होतं, शिवाय इन्सुलिन. इन्सुलिन एकदा गोठलं की फेकूनच द्यायचं, आणि द्रावणाच्या पिशव्या गोठल्या की फुटतात. म्हणून मागच्या पेटीला इंजिनाची ऊब जोडलेली. इंजिन पाऊण तासाच्या वर बंद राहिलं तर सगळं मातीमोल. आणि द्रोवनाचं फाटक दुपारी दोनला बंद व्हायचं, ते पुढे आठवडाभर उघडणार नव्हतं.

शेजारच्या सीटवर एस्तेर साळवे. मिरजेच्या नर्स, चाळिशीच्या, औषधं त्यांच्या ताब्यात. संपत त्यांना 'सिस्टर' म्हणायचा, त्या त्याला 'संपतराव'. दोघांनी अकरा खेपा बरोबर केल्या होत्या आणि अकराही खेपांत गाणी कुणाची लावायची यावरून भांडण झालं होतं.

आणि डॅशबोर्डावर होत्या सासूबाई.

सासूबाई म्हणजे यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव हातभर लांब होतं, पण आपल्याकडच्या ड्रायव्हरांनी ठेवलेलं हेच नाव सगळीकडे चालायचं, कारण ते यंत्र सगळ्यांवर संशय घ्यायचं आणि का घेतला ते कधी सांगायचं नाही. मुळात ते बनलं ड्रायव्हरला डुलकी लागली तर ओरडायला. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की त्याला आणखीही बरंच कळतं.

त्यातलं शास्त्र असं आहे. माणूस मनात काही दाबून धरतो तेव्हा त्याचा जबडा आणि पोटाचे स्नायू नकळत आवळलेले राहतात. स्नायूंत आयसोप्रीन नावाचा एक वायू साठलेला असतो. स्नायू आवळले की तो रक्तात येतो, रक्तातून फुप्फुसात, आणि फुप्फुसातून श्वासावाटे बाहेर. अब्जात काही कण, पण यंत्राला तेवढे पुरतात. त्याच वेळी नाकाच्या शेंड्याकडचं रक्त कमी होतं आणि शेंडा अर्ध्या अंशाने गार पडतो. तो उष्णतेच्या कॅमेऱ्याला दिसतो. आता भीतीने, थकव्याने, थंडीनेही असंच होतं, हे खरं. म्हणून सासूबाई आधी तीन दिवस माणसाचा श्वास नुसता शिकायच्या. हा बाबा घाबरतो तेव्हा कसा, गारठतो तेव्हा कसा. ते सगळं वजा करून जे उरेल ते लपवणं. हिवाळ्यात केबिनच्या काचा बंद असतात, त्यामुळे त्यांचं आणखीनच फावायचं. दोन सीटांमागे श्वास ओढून घेणाऱ्या दोन नळ्या, समोर दोन दिवे. हिरवा, पिवळा, लाल.

फक्त एक गोष्ट त्यांना जमत नव्हती. माणूस काहीतरी लपवतोय हे त्यांना कळायचं, काय लपवतोय ते कळायचं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी सहा गाड्यांचा ताफा बॉम्बखाली गेला. त्याची वाट आतल्याच एका स्वयंसेवकाने शत्रूला कळवली होती. तेव्हापासून ताफे बंद, एकेक गाडी सुटी. आणि दोन्ही सैन्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की सासूबाईंशिवाय गाडी सोडायची नाही. कुणाचाही दिवा दहा मिनिटं लाल राहिला की पुढच्या चौकीवर चौकशी. स्वयंसेवकांचे फोन संस्थेने काढून घेतले. सकाळी पाच मिनिटं तेवढे संदेश यायचे, गाडीतल्या एका सेटवर, आणि तो सेट सिस्टरांकडे.

त्या सकाळी सिस्टर सेट घेऊन गाडीमागे गेल्या, त्या दहा मिनिटं आल्याच नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल.

"वारा लागला," त्या म्हणाल्या, कुणी विचारलेलं नसताना.

"घरचं काय आलं का वो?" संपतने गिअर टाकत विचारलं. हे तो रोजच विचारायचा.

"नाही. आज सिग्नलच नीट नव्हता."

त्यांचा दिवा आधी पिवळा झाला आणि गोदामाच्या फाटकाबाहेर पडेस्तोवर लाल. संपतने तिकडे बघितलं. सिस्टरांनी त्याने बघितलेलं बघितलं.

संपतच्या मनात पाल चुकचुकली. सिग्नल नव्हता तर दहा मिनिटं ही बाई तिथे काय करत होती? आणि येताना सेटवर काहीतरी पुसताना त्याने तिला आरशात बघितलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. सहा गाड्या गेल्या त्या दिवशी ही कुठं होती? ओर्लिचमध्येच होती, गाडी नादुरुस्त म्हणून मागे राहिलेली. म्हणजे संपतही मागेच होता, त्याच गाडीचा ड्रायव्हर म्हणून. पण एवढा विचार संशय आलेला माणूस करत नाही.

पुढे तर कहरच झाला. सिस्टरांनी स्वतःच्या हाताने त्याची गाणी लावली. थर्मासमधला पहिला चहा त्याला दिला, तोही दोन चमचे साखरेचा. एरवी "शुगर होईल" म्हणून जीव खाणारी बाई!

"काही खाऊन घ्या, संपतराव."

"आत्ता तर खाल्लं की."

"तरी घ्या. लांब जायचंय."

"आज लई माया आलीय," तो हसत म्हणाला, पण हसू काही आतून आलं नाही. गोड बोलून काटा काढणारी माणसं त्याने रस्त्यावर उभ्या आयुष्यात ढिगाने बघितली होती. त्याने बिस्कीट घेतलं आणि न खाता खिशात टाकलं. हो, त्यात काही असलं म्हणजे! एवढ्यापर्यंत त्याची मजल गेली होती.

घाटाच्या पायथ्याशी पहिली चौकी. इथल्या कप्तान नेदा, साठीची दणकट बाई, रोज बॉनेटवर काठी आपटून "चला, चला" करणारी. गाडी थांबली, इंजिन बंद झालं. चौकीवर इंजिन बंदच ठेवायचं, नाहीतर वरून येणारे ड्रोन ऐकू येत नाहीत. कप्तान बाईंनी सासूबाईंची नोंद बघितली आणि काठी बगलेत धरली.

"छप्पन्न मिनिटं लाल," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या आणि संपतकडे वळल्या. "ड्रायव्हर, तुला काही माहीत आहे?"

चौथ्या खेपेला संपतचं बोट हिमाने काळं पडलं होतं, ते याच बाईने रात्रभर स्वतःच्या काखेत धरून वाचवलं होतं. ते आठवलं. पण मागच्या पेटीतलं द्रावण आठवलं, एक्केचाळीस माणसं आठवली, आणि जळालेल्या सहा गाड्याही आठवल्या. त्या गाड्यांतला एक ड्रायव्हर विट्याचा होता.

"सकाळी हिला मेसेज आला," तो तसल्याच मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "मला न्हाई म्हणाली. आणि पुसून टाकला. मी बघितलं."

सिस्टरांना राग यायला पाहिजे होता. त्यांनी "संपतराव, तुम्ही?" असं तरी म्हणायला पाहिजे होतं. त्यांनी फक्त मान खाली घातली आणि कप्तान बाईंच्या मागे आत निघून गेल्या. त्यानेच संपतचं डोकं जास्त फिरलं. खरं बोलणारा माणूस ओरडतो, भांडतो. गप्प बसतो तो चोर, असा त्याचा हिशेब.

वीस मिनिटं गेली. मागच्या पेटीचा पारा अकरावरून सहावर आला. संपत बर्फात येरझाऱ्या घालत राहिला.

दार उघडलं. सिस्टर एकट्याच बाहेर आल्या, हाताला बेडी नाही की सोबत शिपाई नाही. त्यांच्या मागून कप्तान बाई आल्या आणि त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं, 'माणसाने तपासलं, गाडी सोडा.' मग त्या संपतजवळ आल्या. काठी आपटली नाही. स्वतःच्या मगमधलं गरम सूप त्याच्या हातात दिलं, तो पिऊन होईपर्यंत थांबल्या, आणि त्याच्या डोळ्यांत न बघता म्हणाल्या, "हळू जा."

गाडी सुरू झाली. सिस्टरांचा दिवा अजून लालच होता.

आता मात्र संपत हबकला. यंत्र म्हणतं चोर, कप्तान म्हणते साव! म्हणजे ह्या दोघी मिळालेल्या. कुठंतरी मोठंच पाणी मुरतंय. घाटाच्या माथ्यावर गाडी आडवी लावायची, सेट हिसकावून घ्यायचा आणि सोक्षमोक्ष लावायचा, असं त्याने ठरवलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मधे काचेसारखा बर्फ. माथा यायला चार वळणं होती.

"संपतराव," सिस्टर हळूच म्हणाल्या, "ते बिस्कीट खिशातच आहे ना? खाऊन घ्या. पोटात काहीतरी असू दे."

पोटात काहीतरी असू दे.

संपतचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. हे वाक्य त्याने स्वतः म्हटलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, शालनला, त्याच्या बहिणीला. दाजी शेतात विजेचा धक्का बसून जागीच गेले होते आणि शालन माहेरी आलेली होती. तिला सासरी पोचवायला संपतच जीप घेऊन निघाला होता. "दाजींना जरा अ‍ॅडमिट केलंय, विशेष न्हाई," असं सांगून. वाटेत तीन ठिकाणी गाडी थांबवून त्याने तिला चहा पाजला होता, भजी खायला लावली होती, तिच्या आवडीची गाणी लावली होती. "पोटात काहीतरी असू दे गं." कारण एकदा कळलं की ती दोन दिवस पाण्याचा घोट घेणार नव्हती, हे त्याला माहीत होतं. आपल्याकडे वाईट बातमी वाटेत सांगत नाहीत. माणूस पोचू द्यायचा, मग सांगायचं. वाटेत भेटणारा प्रत्येक ओळखीचा त्या दिवशी शालनशी गोड बोलला होता आणि तिच्या डोळ्यांत बघत नव्हता.

माथा आला. संपतने गाडी थांबवली नाही.

कोण? बायको धडधाकट. पोरगी पुण्याला. धाकटा भाऊ गावात. निघताना म्हातारीला खोकला झाला होता. "तू जा, मला काय धाड भरलीय" म्हणाली होती.

विचारायला काय लागतं? एक शब्द. पण विचारलं तर ही बाई खरं सांगेल, आणि पुढे उतरणीला सात वळणं आहेत. सिस्टरांना सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. आणि खरं सांगायचं तर वळणं हे निमित्त होतं. विचारलं नव्हतं तोवर म्हातारी जिवंत होती. त्याने दात आवळले, पहिल्या गिअरमध्ये गाडी उतरवायला घेतली, आणि पाच मिनिटांत त्याचाही दिवा लाल झाला.

"तुमचा दिवा," सिस्टर म्हणाल्या.

"थंडीनं असंल."

थंडी सासूबाईंनी केव्हाच शिकून घेतली होती, हे दोघांनाही माहीत होतं. सिस्टरांनी त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. आता संशय त्यांच्या डोळ्यांत होता. याने मला चौकीवर पकडून दिलं, ते स्वतःचं काही झाकायला तर नव्हे? दरवाजाच्या कडीवर त्यांचा हात गेला आणि तिथेच राहिला. सगळी उतरण दोघं अशीच बसली होती.

दुसरी चौकी पलीकडच्या सैन्याची. इथे कप्तान बाईंच्या चिठ्ठीला कुणी विचारत नव्हतं. शिपायाने चिठ्ठी बघितली, चुरगाळली, फेकली. दोन लाल दिवे बघून त्याने बंदूकच हातात घेतली. इंजिन बंद करायला लावलं. त्याला इंग्रजीचे चार शब्द येत होते.

"काय लपवता? बोला. नाही बोला, तर बॅक."

"आमच्याकडे काही नाही. औषधं आहेत," सिस्टर म्हणाल्या. दिवा लालच.

"बोला. ऑर बॅक."

मागे जायचं म्हणजे सगळंच संपलं. इथून फाटक नऊ किलोमीटरवर. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. सिस्टर पुन्हा समजावत होत्या, शिपाई पुन्हा मान हलवत होता. एक दहा. एक सतरा. पेटीचा पारा तीनवर आला. सिस्टरांनी संपतकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि परत मिटलं. त्यांना सांगवत नव्हतं. बाई एक्केचाळीस माणसांसाठी जीव द्यायला तयार होती, पण हे एवढं वाक्य तिच्या तोंडून निघत नव्हतं.

मग संपतच बोलला. शिपायाशी नाही, सिस्टरांशी, आणि मराठीत. यंत्राला भाषेशी काही देणंघेणं नव्हतं.

"सिस्टर, हिकडं बघा. आमची म्हातारी गेली ना?"

संपत सिस्टरांकडे बघत नव्हता, त्यांच्या दिव्याकडे बघत होता. सकाळपासून ज्या दिव्याने त्याला छळलं, तो आता लालच राहावा म्हणून तो जिवाच्या आकांताने देवाला विनवत होता. ही बाई हेर निघू दे. वाट फोडणारी निघू दे, मला मारायला निघालेली निघू दे. काहीही निघू दे, पण हे नको.

एक श्वास, दोन श्वास. दिवा पिवळा झाला. आणखी चार-पाच श्वास गेले, आणि सिस्टरांचा दिवा स्वच्छ हिरवा झाला. लपवायला त्यांच्याजवळ काही उरलंच नव्हतं.

थोड्या वेळाने संपतचाही हिरवा झाला.

शिपाई वाकून दोन्ही दिवे बघत होता. त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने बंदूक खांद्याला अडकवली, अंगठा वर केला आणि मनापासून हसून म्हणाला, "व्हेरी गुड!"

अडसर वर गेला. संपतने चावी फिरवली. दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागलं.

"कधी?" त्याने विचारलं.

"काल पहाटे. झोपेतच. तुमच्या धाकट्या भावाचा मेसेज होता. दादा गाडी सुखरूप लावेपर्यंत सांगू नका म्हणून विनवलं होतं त्यांनी."

"बराबर केलं त्यानं." बर्फावर चाक जरा सरकलं, त्याने सावरलं. "मी तुमचं नाव दिलं, सिस्टर."

"मग काय करणार होतात? खोटंच बोलत होते मी."

"तरी पण."

"तुमचा दिवा लाल झाला तेव्हा मी उडी मारायच्या बेतात होते," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी पदर नव्हता म्हणून जाकिटाच्या बाहीने डोळे पुसले.

द्रोवनाच्या फाटकातून गाडी आत गेली तेव्हा दोन वाजायला नऊ मिनिटं होती. पेटीचा पारा पाचवर. इस्पितळाची माणसं धावत आली आणि खोकी उतरवायला लागली. एक म्हातारा डॉक्टर संपतचा हात दोन्ही हातांत धरून त्यांच्या भाषेत काहीबाही बोलत राहिला, आणि संपत "व्हय, व्हय" करत राहिला. शेवटचं खोकं खाली गेलं, सिस्टरांनी सही घेतली, मागचं दार लावून कडी घातली.

मग संपत केबिनच्या पायरीवर बसला आणि आईला हाका मारत रडला.